हळदीच्या मांडवातली सभा

ठाण्यात शाळासंस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी कायदेविषयक मार्गदर्शनाचं शिबिर होतं. मी गेलेलो, कारण कार्यक्रमपत्रिकेत दुपारचं जेवण होतं आणि आमच्या अध्यक्षांना गुडघ्यामुळे जिने चढवत नाहीत. विषय होता 'संस्थेचा कारभार आणि समितीच्या जबाबदाऱ्या'. असले विषय मी पहिल्या रांगेत बसून डोळे मिटून ऐकतो. लोकांना वाटतं, चिंतन चाललंय.

त्या दिवशी मात्र झोप लागेना. समोर बोलणाऱ्या वकीलबाई पन्नाशीच्या, साडी सुती आणि पायात खेळाचे बूट. माइक त्यांनी बाजूला ठेवलेला. सुरुवातच अशी केली, "कलमं तुम्हाला मोबाइलवर सापडतील. मला फक्त एवढं सांगा, तुमच्या समितीनं शेवटचा मोठा निर्णय घेतला, तो कसा घेतला?"

गृहपाठ न केलेल्या वर्गासारखे कल्याणचे, भिवंडीचे, घोडबंदरचे सगळे अध्यक्ष आपापल्या फायलींकडे बघायला लागले. आणि मी हात वर केला. कुणीही सांगितलेलं नसताना.

आता मी कोण, हे सांगतो. डोंबिवलीत आमची एक छोटी शिक्षणसंस्था आहे आणि तिची दिव्याला दहावीपर्यंतची मराठी शाळा आहे. मी तिचा कार्यवाह. आयुष्यभर कोलशेतच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होतो, शिक्षणाशी संबंध एवढाच की मी एकेकाळी शाळेत गेलेलो. निवृत्तीनंतर संस्थेच्या वार्षिक सभेला सहज जाऊन बसलो. पंख्याचं वारं लागत होतं म्हणून जागा बदलायला उठलो, तेवढ्यात अध्यक्ष विचारत होते, "कार्यवाह व्हायला कोन तयार हाय?" मी उभा दिसलो. "सर्वानुमते," असा आवाज झाला आणि टाळ्या पडल्या. आमच्याकडे 'सर्वानुमते' हा शब्द ठराव वाचून व्हायच्या आधी उच्चारण्याची पद्धत आहे. वेळ वाचतो.

कार्यवाह झाल्यावर काहीतरी भव्य करावं असं मला वाटायला लागलं. शाळेत मी पाण्याचा कूलर बसवून घेतला. स्टीलचा, चार नळांचा. उद्घाटन केलं, फीत कापली, हातात ग्लास धरून फोटो काढला आणि तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. कूलरवर पितळी पाटी लावली. तिच्यावर अध्यक्षांचं नाव होतं, माझंही होतं. माझं जरा मोठ्या अक्षरांत आलं. ती पाटी करणाऱ्याची चूक असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि पाटी करणाऱ्याला तसं करायला मीच सांगितलं होतं.

फक्त कूलरला पाण्याची जोडणी नव्हती. दिव्यात पाणी ही पाइपातून येणारी वस्तू आहे यावर कुणाचा फारसा विश्वास नाही. मी म्हटलं, होईल हळूहळू.

मग एका सकाळी शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनी त्याच ग्रुपवर लिहिलं, 'कूलरमध्ये पाणी नाही. कृपया मुलांना घरून पाण्याची बाटली द्या.' बस, एवढंच. ना माझं नाव, ना तक्रार. पण खाली पालकांनी जे हसरे चेहरे टाकले, ते बघून माझा चहा गार झाला. संस्थेची बदनामी! मी अध्यक्षांना फोन केला, खजिनदारांना केला. सगळे म्हणाले, बोलू या, भेटू या. आणि सगळे भेटणार होते कुठे, तर त्याच आठवड्यात अध्यक्षांच्या पुतण्याच्या हळदीला.

हळद ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो, दिव्याच्या आसपासच्या जुन्या गावांत हळद हा लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम. मांडवात गावची गावं लोटतात, बेंजोची पार्टी असते, तांदळाच्या भाकऱ्यांच्या चवडी असतात, मटणाचा वास रेल्वे फाटकापर्यंत जातो. संध्याकाळी आम्ही मांडवाच्या मागे, आचाऱ्यांच्या बाजूला गोल करून उभे राहिलो. समोर बेंजो असा वाजत होता की स्वतःचा विचारही ऐकू येऊ नये. मी घसा फोडून ठराव ओरडलो, "बाईंना निलंबित करण्यास कोणाकोणाची संमती आहे?" हात वर झाले. मी मोजले. कोरम भरून वर एक हात उरला. तो उरलेला हात नवऱ्या मुलाच्या मामांचा निघाला. ते आमच्या समितीत नाहीत. ते नाचत होते.

दुसऱ्या दिवशी मी निलंबनाचं पत्र लिहिलं. पत्र लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही. 'संस्थेच्या धवल कीर्तीस बाधा आणणारे वर्तन', 'शिस्तीचे सुकाणू' वगैरे. बाईंना पत्र दिलं आणि पालकांच्या ग्रुपवरही जाहीर केलं, 'शिस्तभंगाबद्दल कठोर कारवाई करण्यात आली आहे.' त्या दिवशी कुणी हसरा चेहरा टाकला नाही. मला वाटलं, जरब बसली.

तर हे सगळं मी ठाण्याच्या त्या सभागृहात उभं राहून, आदर्श उदाहरण म्हणून सांगितलं.

"मॅडम, आमच्याकडे निर्णयप्रक्रिया अत्यंत गतिमान आहे," इथून सुरुवात केली. मामांचा हात वगळला. बेंजो वगळायला विसरलो.

सभागृह हसायला लागलं. मुरबाडचे एक अध्यक्ष तर शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होते. वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "सभेची लेखी सूचना काढली होती का?"

"हळदीची पत्रिका सगळ्यांना गेली होती, मॅडम."

परत हशा.

"बाईंचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं का?"

"त्यांना हळदीचं आमंत्रण नव्हतं."

या वेळी हशा जरा कमी झाला. वकीलबाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला आणि मला वेगळंच विचारलं, "सर, त्या बाई आत्ता, या वेळेला, कुठे आहेत?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी म्हटलं, "घरी असतील," आणि खाली बसलो. तिथून पुढे त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, मला लाज वाटेल असं एक वाक्यही बोलल्या नाहीत. माझं उदाहरण त्यांनी फळ्यावर घेतलं नाही. घेतलं असतं तर शिबिराचं सोनं झालं असतं, हे त्यांनाही कळत होतं.

जेवणाच्या रांगेत मी त्यांना गाठलं. म्हटलं, आमच्या संस्थेच्या सल्लागार व्हा. आणि आवाज खाली आणून पुढे म्हटलं, "काळजी नको मॅडम. मागच्या तारखेची सूचना आणि सभेचं इतिवृत्त आपण लिहून काढू. शिपाई घरोघरी फिरून सह्या आणेल. आमच्याकडे नेहमी तसंच असतं."

त्यांनी पुरी ताटात ठेवली. "सर, चुकीची सभा परत घेता येते हो. पण न झालेली सभा तुम्ही लिहिलीत, की कोर्टात मला त्या खोट्या सभेच्या बाजूनं उभं राहावं लागेल, आणि माझा चेहरा तेवढा कोडगा नाही. सल्लागार मी होईन. पण तुम्ही आत्ता जे बोललात, ते मला परत ऐकवायचं नाही. चालेल?"

"चालेल."

"श्रीखंड घ्या, चांगलंय."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही जेवायला गेला होतात ना? मग बोललात कशाला?" या प्रश्नाला कायद्यातही उत्तर नाही.

खरी धास्ती अध्यक्षांची होती. वय झालेलं, गावातला शब्द त्यांचा. शाळेची जमीन त्यांनीच दिलेली. आज तिथे एक गुंठा घ्यायचा तर माणूस विकला जाईल, पण त्यांनी ती मुलांसाठी दिली आणि परत कधी उल्लेखही केला नाही. अशा माणसाला, तुमच्या पुतण्याच्या हळदीतली सभा बेकायदेशीर होती, हे कोण सांगणार? मी वकीलबाईंना घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि मुद्दाम त्यांच्या मागे बसलो.

अध्यक्ष झोपाळ्यावर होते. ऐकून भडकले. "माझ्या पुतन्याच्या हलदीत झाली ती सभा खोटी? बाय, मी सगल्यांना जेवायला घातला. एक मानूस उपाशी गेला नाय."

"काका, जेवण पक्कं होतं. सभा कच्ची होती."

"काय कच्ची? सगले तर होते!"

मला वाटलं, आता त्या पोतडीतून कायद्याचं पुस्तक काढणार. त्यांनी चहा घेतला. भिंतीवरचा जुन्या गावाचा फोटो बघितला, खाडी, भातशेती, चार घरं. मग विचारलं, "काका, शाळेला जमीन तुम्ही दिलीत ना? कशी दिलीत? तोंडी?"

"तोंडी कशी देनार? रजिस्टर केली. भाऊ, बहिनी, सगल्यांच्या सह्या घेतल्या. एक बहीन रुसून बसलेली उरनला. तिला आनायला मी सोता गेलो."

"बाकीचे तर सगळे तयार होते ना? मग तिच्यासाठी एवढं कशाला?"

"अगं, तिचा हक व्हता जमिनीत. तिला न इचारता कशी देनार?"

वकीलबाई कपातला चहा पीत राहिल्या. झोपाळ्याची कडी करकरत होती, ती हळूहळू थांबली. अध्यक्षांनी वकीलबाईंकडे बघितलं, मग त्यांच्या मागे लपलेल्या माझ्याकडे.

"सेक्रेटरी, त्या मास्तरनीला आपन इचारला नाय?"

"नाही."

"का नाय इचारला?"

आता 'बेंजो वाजत होता' असं काही मला सांगवेना. अध्यक्षांनी पाय खाली सोडले. "बाय, तू सांग कसा करायचा. तसा करू."

मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत. खरेदी खात्यात तर हुशार माणसंच भेटायला येतात. पण समोरच्याच्या आयुष्यातली त्याची स्वतःची चांगली गोष्ट शोधून काढायची, ती त्याच्याकडूनच वदवून घ्यायची आणि मग गप्प बसायचं, ही हुशारी मी पहिल्यांदा पाहिली. परतताना मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "कल्याणजवळ मोहन्यात वाढले मी. वडील रेयॉनच्या कारखान्यात होते, कामगारांच्या कमिटीत. बैठका आमच्याच घरी व्हायच्या, दहा बाय दहाच्या खोलीत. सगळे एकदम ओरडायचे. वडील ओरडणाऱ्याला थांबवायचे नाहीत, गप्प बसलेल्याला विचारायचे, तुझं काय? मी चहा देता देता ते बघत बसायचे. कॉलेजात कायदा नंतर शिकले."

मग रीतसर सभा ठरली. सूचना निघाली, तीत विषय लिहिला, आणि ती मी स्वतः घरोघर नेऊन दिली. खजिनदारांनी सूचना वाचून विचारलं, "जेवण काय आहे?" मी म्हटलं, जेवण नाही. ते म्हणाले, "मग कोरम भरेल असं वाटत नाही." बाईंनाही लेखी कळवलं, तुमचं म्हणणं समितीसमोर मांडा. वकीलबाईंनी मला आधीच बजावलं होतं, "नीट सभा झाली म्हणजे निर्णय बाईंच्याच बाजूनं होईल असं समजू नका. समिती नीट बसूनही त्यांना काढू शकते." हे ऐकल्यापासून मला नीट जेवण जाईना. कारण खजिनदारांचं मत मला माहीत होतं. आणि ते मत मीच तयार केलं होतं.

रविवारी सकाळी सातवीच्या वर्गात सभा भरली. आम्ही सगळे मुलांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून. कोरम भरला. वकीलबाई कोपऱ्यात बसल्या, म्हणाल्या, "मी सल्लागार आहे, सदस्य नाही. हात वर करणार नाही." अध्यक्षांनी विषय पुकारला. वकीलबाई म्हणाल्या, "सुरुवातीला एक. या विषयात ज्यांचा स्वतःचा संबंध आहे, त्यांनी चर्चेच्या वेळी बाहेर थांबायचं."

बरोबर आहे, मी मान डोलावली. कोण असेल बरं, म्हणून एकेकाकडे रोखून बघितलं. हळूहळू लक्षात आलं की सगळे माझ्याकडे बघतायत.

"मी? मी तर कार्यवाह आहे!"

"कूलर तुमचा आहे, सर."

"संस्थेचा आहे!"

"पाटी वाचली मी येताना," वकीलबाई म्हणाल्या. अध्यक्ष खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांनीही वाचली होती, फार पूर्वी.

"मग इतिवृत्त कोण लिहिणार?"

"मुख्याध्यापिका आहेत ना समितीत, त्या लिहितील."

"त्यांचं अक्षर जरा..."

"सर," वकीलबाई म्हणाल्या. फक्त तेवढंच. मी बाहेर आलो.

व्हरांड्यात एकच बाक, आणि त्याच्यावर विज्ञानाच्या बाई बसलेल्या. तिशीच्या असतील. मला बघून उभ्या राहिल्या, मग कशाला उभं राहायचं असं वाटून परत बसल्या.

"सर, तुम्हालापण काढलं?"

"तात्पुरतं."

"माझ्या पत्रातपण तेच लिहिलंय."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. शेवटी मी म्हटलं, "बाई, ग्रुपवर लिहिण्याआधी मला एकदा सांगायचं होतंत."

"सांगितलेलं ना सर. ऑफिसच्या दारात. तुम्ही म्हणालात, पाइपलाइनचं बघू. परत आठवण केली तेव्हा म्हणालात, सकारात्मक विचार करा."

हे मी म्हणालो असणार यात शंका नाही. ते माझं आवडतं वाक्य आहे.

"मला तुमची बदनामी नव्हती करायची, सर. मुलं बाटल्याच आणेनाशी झाली. तुमचा तो फोटो घरोघरी बघितला ना सगळ्यांनी. आयांना वाटलं, आता शाळेत थंड पाणी आहे. उन्हात खेळून यायची, नळ फिरवायची, आणि कोरडं. एक मुलगी प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. मग मी लिहिलं."

"त्या फोटोत तर माझ्या ग्लासात पाणी होतं," मी उगाच म्हटलं.

"विकतच्या बाटलीतलं. मीच ओतलेलं, सर."

यावर दोघंही थोडं हसलो. त्यांचं हसू लवकर संपलं.

"माझं हे वर्ष पुरं झालं की मी कायम होणार होते," त्या म्हणाल्या. "आता निलंबनाचा शेरा राहिला, तर पुढची शाळा दारात पण उभं नाही करत. दिव्यात सगळ्यांना सगळं कळतं. मी राहते त्याच बिल्डिंगमधली मुलं रोज जिन्यात भेटतात, दप्तरं घेऊन शाळेत जाताना. विचारतात, टीचर, तुम्ही काय केलंत? मी काय सांगू? मी आता ती मुलं खाली उतरेपर्यंत दार उघडत नाही."

ठाण्याच्या सभागृहात मला विचारलेला प्रश्न होता, बाई आत्ता कुठे आहेत. त्याचं उत्तर हे होतं. बंद दाराच्या आत.

इतक्यात त्यांना आत बोलावलं. दार बंद झालं. मी एकटा. आतून खजिनदारांचा आवाज तेवढा ऐकू येत होता, "बदनामी... शिस्त... उद्या कुणीही उठेल..." माझेच शब्द, माझ्याच क्रमानं. आपलं भाषण दुसऱ्याच्या तोंडून, बंद दाराआडून, दुसऱ्या कुणाचं नुकसान करत असताना ऐकणं हा अनुभव मी कुणाला सुचवणार नाही. मधे मधे बाईंचा आवाज. शब्द कळत नव्हते, पण वर्गात धडा समजावतात तसा सपाट, न थरथरणारा. त्यांना कुणी मधे तोडलं नाही, एवढं मला बाहेरूनही कळलं. वकीलबाईंनी ती व्यवस्था लावली असणार.

थोड्या वेळानं बाई बाहेर आल्या आणि त्यांच्या मागोमाग वकीलबाईसुद्धा. दार परत लागलं.

"तुम्ही का बाहेर?" मी घाबरून विचारलं.

"सल्ला देऊन झाला. निर्णय त्यांचा आहे. मी समोर असले तर माझ्या तोंडाकडे बघत हात वर करतील."

"आणि यांना काढलं तर?"

"तर त्यांना काय करता येईल, ते दुसरा वकील सांगेल. मी संस्थेची वकील आहे. तेही मी बाईंना आत, सगळ्यांसमोर सांगितलंय."

"पण तुमचं स्वतःचं मत?"

"तेही आत सांगितलं. आत एक आणि व्हरांड्यात एक, असं मी ठेवत नाही, सर."

मग त्यांनी आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून बाईंपुढे धरली. बाई प्यायल्या. आम्ही तिघं एका बाकावर. समोर रस्त्यावर टँकर अडकला होता, रिक्षावाले त्याच्याशी भांडत होते. मला आयुष्यात इतक्या वेळा हात वर झालेले हवे वाटले आहेत, पण हे दाराआडचे हात कुणीकडचे असतील या विचारानं घशाला कोरड पडली. मीही त्याच बाटलीतलं मागितलं असतं, पण मागायला तोंड नव्हतं.

दार अध्यक्षांनी स्वतः उघडलं, गुडघा धरत. "ये बाय, आत ये. तुमी पन या."

आत मुख्याध्यापिकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. हळदीच्या मांडवात झालेली सभा ही सभा नव्हती, त्यामुळे तिथे झालेला निर्णय हा निर्णय नव्हता. बाईंची सेवा मधे कुठेही खंडित झालेली नाही. मुलांच्या गरजेची माहिती पालकांना देणं यात समितीला कोणतंही गैरवर्तन दिसत नाही.

"सर्वानुमते?" मी सवयीनं विचारलं.

"नाय!" अध्यक्ष अभिमानानं म्हणाले. "एक इरुद्ध. नाव घालून लिवलाय."

खजिनदारांचा विरोध होता. संस्थेच्या इतिहासात विरोध लिहिला जाण्याची ही पहिली वेळ. मला वाटलं, ते चिडलेले असतील. पण ते मुख्याध्यापिकांना म्हणत होते, "परत एकदा वाचा हो माझा भाग." वाचल्यावर म्हणाले, "बरोबर. असंच म्हणालो मी." आणि बाईंकडे वळून, अगदी घरच्यासारखं, "तुम्ही चांगलं बोललात. मला पटलं नाही, पण चांगलं बोललात." इतकी वर्षं त्यांचं म्हणणं आम्ही 'सर्वानुमते' खाली पुरत आलो होतो, हे मला तेव्हा दिसलं. वकीलबाईंनी बाईंची नोकरी वाचवायला मदत केलीच, पण खजिनदारांनाही त्यांचं मत परत मिळवून दिलं, आणि दोन्ही गोष्टी एकाच सभेत.

अध्यक्ष उठायला लागले. बाई उठल्या नाहीत.

"एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "निलंबन ग्रुपवर सगळ्यांना सांगितलेलं. हे पण तिथेच सांगा. नाहीतर मी आले तरी लोक म्हणणार, पाया पडून आली."

सगळ्यांनी वकीलबाईंकडे बघितलं. त्यांनी अध्यक्षांकडे बोट केलं. अध्यक्षांनी विचारलं, हात वर झाले. मुख्याध्यापिकांनी मोजले, नावं लिहून घेतली. खजिनदारांचाही होता.

लिहायचं काम माझं. या क्षणासाठीच माझा जन्म झाला होता. मी मोबाइलवर लिहायला घेतलं, 'विद्येच्या या पवित्र मंदिरावर दाटून आलेले गैरसमजाचे ढग आज समंजसपणाच्या वाऱ्याने...' वकीलबाईंनी हात पुढे केला. मी मोबाइल दिला. त्या वाचत होत्या आणि पुसत होत्या.

"मॅडम, दिलगिरी तरी ठेवा. ती शेवटी आहे."

"दिलगिरी ठेवतेय ना. ती तुमची आहे. ढग काढतेय."

उरलं ते असं, 'विज्ञानाच्या बाईंचे निलंबन नियमाला धरून नव्हते. ते समितीने रद्द केले आहे. त्या उद्यापासून शाळेत येतील. झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे. कार्यवाह.' मी पाठवलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं आणि पहिलं खरं पत्र.

सगळे माझ्या मोबाइलभोवती गोळा झाले. बाई सर्वांत मागे, भिंतीला टेकून, नजर खाली. मग एका आईचा प्रश्न आला, 'म्हणजे उद्या सातवीची विज्ञानाची चाचणी होणार का?'

मी तो मोठ्यानं वाचला. बाईंनी मान वर केली. आपला मोबाइल काढला आणि उभ्या उभ्याच उत्तर टाकलं, 'होणार.'

लगेच दुसरे पालक, 'बापरे. याने पुस्तक उघडलेलं नाही.' तिसरे, 'टीचर, कुठपर्यंत आहे?' चौथ्या आईनं रडका चेहरा टाकला आणि त्याच्याखाली एक फूल.

मी पहिल्या बाकावर ऐसपैस बसलो होतो, मोबाइल हातात, पुढचं वाचून दाखवायला तयार. बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. वर्गातल्या कपाटातून त्यांनी सातवीचं पुस्तक काढलं होतं.

"सर, जरा सरकता का? मला धडे बघून लिहायचंय."

मी सरकलो.